बहिणीची गोष्ट कुठे पाठवू? मुस्लिम मुलामुलींसाठी लेखनस्पर्धा, मासिकं माहीत असतील तर सांगा

रावेरकर:
सलाम, नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले, पिंजारी समाजाचे. लहान बहीण फैजपूरला एसवायबीएला आहे आणि ती मराठीत लिहिते, घरात आमची बोली उर्दू-मराठी मिसळलेली पण शाळा मराठी मिडीयम त्यामुळे लिहायचं म्हटलं की मराठीच येतं तिला. आत्ता तिने आमच्या आजोबांवर एक गोष्ट लिहिलीय, फुलस्केपची चौदा पानं. आजोबा गावोगाव गाद्या भरायला जायचे, त्यांचं कापूस पिंजायचं पिंजण अजून घरात भिंतीला टांगलेलं आहे, तात तुटलेलीच आहे त्याची. मशीन आलं आणि ते काम बंद पडलं तिथपासून गोष्ट सुरू होते. मी भाऊ म्हणून सांगत नाही पण वाचताना मला खरंच रडू आलं.

दोन अडचणी आहेत. एक, ओळखीच्या एका शिक्षकांना दाखवली तर त्यांनी लाल पेनने दादीचं आजी केलं, सालनचं रस्सा केलं, फजरच्या टायमाला असं होतं तिथे पहाटे केलं आणि म्हणाले आता कशी शुद्ध वाटते. तेव्हापासून ती वही उघडत नाहीये. दुसरं, व्हॉट्सॅपवर एका ग्रुपने सांगितलं पाचशे रुपये भरा, प्रातिनिधिक संग्रहात छापू, ट्रॉफी पण देऊ. भरू का? आणि खास मुस्लिम लेखकांसाठी काही स्पर्धा वगैरे असतात का? मामाचा मुलगा आठवीत आहे, तो पण कविता करतो, त्याच्यासाठी पण सांगा.

भुसावळ_जंक्शन:
भाऊ आधी ते पाचशे रुपये खिशात ठेव. मी कॉलेजात असताना असेच पैसे भरले होते, पुस्तक आलं त्यात साठ-सत्तर जणांच्या कविता, प्रत्येकाचा फोटो आणि एक पान, माझ्या कवितेतल्या दोन ओळी खाली-वर झालेल्या, आणि ते पुस्तक घेतलं कोणी तर ज्यांच्या कविता त्यात होत्या त्यांनीच. निवडच नसते तिथे, जो पैसे भरेल तो आत. लेखकाकडून पैसे मागणारा तुझी गोष्ट वाचणारच नाही हे पक्कं समज.

गोष्टीसाठी मराठीत सगळ्यात मोठी जागा म्हणजे दिवाळी अंक. १९०९ ला मासिक मनोरंजनने पहिला काढला तेव्हापासून नवा माणूस तिथूनच पुढे येत आलाय. पण लोक दसऱ्याला पाठवतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून नाराज होतात. अंकाचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, जून-जुलैपर्यंत गोष्ट संपादकाच्या हातात पाहिजे. युनिकोडमध्ये टाईप करा, वहीच्या पानांचे फोटो पाठवू नका, सोबत चार ओळींचं पत्र. आणि एक फार महत्त्वाचं, ती गोष्ट फेसबुकवर टाकू नका, बऱ्याच ठिकाणी अप्रकाशित असावी अशी अट असते आणि फेसबुकवर टाकलेलं ते प्रकाशित धरतात.

अमळनेरची_ताई:
दादा, ते लाल पेनचं वाचून जीव तुटला माझा. तिला सांग दादी ही दादीच राहू दे. आपल्या जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर, शेतात सुचलेलं घरच्या पोरांनी उतरवून घेतलं आणि त्या गेल्यावर १९५२ ला अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. तेव्हा कोणी बसून त्यांची बोली पुस्तकी करून टाकली असती तर काय उरलं असतं? आज विद्यापीठाला नाव आहे त्यांचं. मी स्वतः अहिराणीत लिहिते, मला पण सांगायचे प्रमाण भाषेत लिही म्हणून, मी निवेदन मराठीत ठेवलं आणि बोलणं अहिराणीत, आणि खरं सांगते ज्यांना अहिराणी येत नाही तेही वाचतात, एखादा शब्द अडला तरी पुढच्या वाक्यात कळतो. सालन चुलीवर आहे म्हटलं की कोणाला कळत नाही सांग?

शुद्धलेखन तपासून घ्यायचं, ऱ्हस्वदीर्घ बघायचं, ते वेगळं. शब्द बदलणं वेगळं. तू कसाले चिंता करस, तिला वही उघडायला लाव फक्त.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आहे ना. पहिलं सोलापूरला १९९० ला झालं, फक्रुद्दीन बेन्नूर सरांचा त्यात मोठा पुढाकार होता, त्यानंतर वेगवेगळ्या गावांना होत आलंय. कथाकथन, कविसंमेलन असतं, आपल्यासारख्याच घरातून आलेली, मराठीत लिहिणारी माणसं एका मांडवात भेटतात, हे तिच्या वयाला फार मोलाचं आहे. २०२४ ला आमच्या गावात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलन पण भरलं होतं, मी दोन्हीकडे गेले होते, विद्रोहीच्या मांडवात तर कोणाचं नाव काय, आडनाव काय हे विचारायची वेळच आली नाही.

चोपडा_मास्तर:
मी शाळेवर आहे म्हणून आधी आठवीतल्या मुलाचं सांगतो. बालभारतीचं किशोर मासिक, १९७१ पासून चालू आहे, त्यात मुलांचं स्वतःचं लिखाण पण घेतात. आमच्या वर्गातल्या एका तडवी मुलाने सातपुड्यातल्या मोहाच्या फुलांवर लिहून पाठवलं होतं, छापून आलं नाही, पण त्याने दुसरं लिहिलं, आता तो थांबत नाही. पाठवायची सवय लागणं हे या वयात खरं काम आहे, बक्षीस मिळालं तर मिळालं.

बहिणीसाठी, ती आपल्याच विद्यापीठात आहे तर युवारंगसाठी, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी, कॉलेजच्या सांस्कृतिक विभागात आत्ताच नाव द्यायला सांगा, वक्तृत्व, काव्यवाचन काहीही. पुढे पुस्तकाएवढं लिखाण झालं की राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकाला अनुदान मिळतं, हस्तलिखित तपासून मग ठरवतात. तरुण लेखकांसाठीची पंतप्रधान युवा योजना नॅशनल बुक ट्रस्ट चालवतं, वय तिसाच्या आत पाहिजे, २०२१ ला पहिल्या वेळेस पंचाहत्तर जण निवडले आणि सहा महिने दरमहा ५०,००० रुपये दिले, मराठी-उर्दू दोन्ही चालतं, फक्त विषय त्यांनी ठरवून दिलेला असतो. आणि साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंत, तो पण ५०,००० चा, पण त्याला छापलेलं पुस्तक लागतं. यातलं काहीच धर्मावर नाही. तुमची बहीण तिथे तितक्याच हक्काने जाऊ शकते, हे तिला घरातल्या कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

जळगाव_उर्दूवाला:
उर्दूत लिहिणाऱ्यांसाठी पण टाकतो, धागा इतर लोक पण वाचतील. महाराष्ट्र राज्य उर्दू साहित्य अकादमी आहे, उर्दू पुस्तकांना पुरस्कार देते. पोरांसाठी दिल्लीहून बच्चों की दुनिया हे मासिक निघतं, उर्दू शाळेतल्या मुलांनी तिथे जरूर पाठवावं.

बाहेरचं म्हणाल तर कॉमनवेल्थची कथा स्पर्धा आहे, फी नाही, वय अठरा पूर्ण पाहिजे, २००० ते ५००० शब्द. मराठीतून थेट घेत नाहीत पण इंग्रजी भाषांतर चालतं. चौदा फुलस्केप म्हणजे बसेल त्यात. अमेरिकेत सायमन अँड शुस्टरने २०१६ ला सलाम रीड्स नावाची शाखाच काढली, मुस्लिम मुलं ज्यात मध्यभागी आहेत अशा पुस्तकांसाठी. आपल्याकडे मराठीत असं कोणी काढलं तर मी पहिला गिऱ्हाईक. माझ्या पोरीच्या वाचनात ईदच्या दिवशीची, म्हणजे नुसता शिरखुर्मा नाही, त्या दिवशीच्या घरातल्या भांडणांची, नव्या चपलेने पाय चावल्याची गोष्ट अजून आलेली नाही. तुमच्या बहिणीसारख्यांनी लिहिली तरच येईल.

आणि मराठीत मुस्लिम नावाने लिहिणारे आजचे नाहीत हो. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात योगसंग्राम लिहून गेले. हमीद दलवाईंची इंधन कादंबरी १९६५ ची, कथा-कादंबरीत राजन खान आहेत, गझलेत इलाही जमादार होते.

रावेरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री तिला पूर्ण धागा वाचून दाखवला, अम्मी पण बसली होती ऐकायला. पाचशेवाल्यांना नाही म्हणून कळवलंय. मामाचा मुलगा किशोरला पाठवतोय. तिने लाल पेनची पानं बाजूला काढून गोष्ट पुन्हा लिहायला घेतली, दादी परत आली, सालन परत आलं. फक्त एक विचारतेय, पिंजण, तात हे शब्द शहरातल्या वाचकाला कळतील का, खाली टीप देऊ?

अमळनेरची_ताई:
टीप नको. आजोबा तात ओढून बघतात, ती वाजते आणि कापूस उडून त्यांच्या भुवयांवर बसतो, एवढं एकदा दाखव म्हणावं. आणि जूनच्या आत पाठवा.