मदत हवी आहे: नील बेटावर किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंग, भरती-ओहोटीचा अंदाज

मंडळी, फेब्रुवारीत मी आणि बहीण मुंबईहून अंदमानला जातोय. नील बेटावर (आताचं शहीद द्वीप) चार रात्री आहेत. भरतपूर किनाऱ्यावरून स्वतःच पोहत प्रवाळापर्यंत जायचं आहे. बोटीची सहल नको. रिंग धरून ओढत नेतात, त्यात निवांत काही बघता येत नाही.

दोघींना पोहता येतं. दादरच्या तरणतलावात मास्क आणि स्नॉर्केलचा (तोंडात धरायच्या श्वासनळीचा) सराव झालाय, नळीत शिरलेलं पाणी फुंकून काढता येतं. मला उणे पाचचा नंबर आहे, तसा मास्क घेतलाय. लाइफ जॅकेट घालणारच. मार्गदर्शक घ्यायचीही तयारी आहे.

अडलंय ते पाण्याच्या खोलीपाशी. ओहोटीला तिथे प्रवाळ जवळजवळ उघडं पडतं, आणि आपला पाय किंवा फिन (पायात घालायचा पोहण्याचा पंख) लागून एक फांदीही मोडायला नको. २०१० च्या उष्ण पाण्यात अंदमानचं प्रवाळ आधीच खूप पांढरं पडलं होतं. म्हणून अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीत पाण्याचा चढ-उतार कमी असतो ते, धरलेत: ओढ कमी, पण भरतीही बेताचीच. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं वेळापत्रक पाहिलं, त्यावरून प्रवाळावर किती पाणी असेल ते कळत नाही.

भांगाच्या दिवसांत तिथे कोणी उतरलं आहे का? भरतीच्या आधी-नंतर किती वेळ प्रवाळावर आडवं तरंगण्याइतकं पाणी राहतं, आणि वाळूतून आत शिरायला मोकळी वाट नेमकी कुठल्या बाजूला आहे?