मदत हवी आहे: कोंबड्यांनी दाणा टाकलाय, बारा दिवस झाले

नमस्कार. घर संगमेश्वर तालुक्यात. परसात ११ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यातल्या चार कोंबड्यांनी बारा दिवसांपासून खाणं जवळजवळ बंद केलंय. नुसतं 'आजारी आहेत' म्हटलं तर कुणाला काहीच सांगता येणार नाही, म्हणून जे दिसलं ते सगळं लिहिते.

सकाळी खुराडं उघडलं की या चौघी सगळ्यांत शेवटी बाहेर येतात आणि पिसं फुलवून पडवीचा कोपरा धरतात. कणी टाकली की बाकीच्यांची झुंबड उडते. या जवळ येतात, एखादा दाणा चोचीत धरतात आणि खाली टाकतात. पाणी पितात. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी चाचपली तर रिकामी. छातीचं हाड सुरीच्या पाठीसारखं हाताला लागतं. तुरे जास्वंदीसारखे लालभडक असायचे, ते फिकट पडलेत. सगळ्यांत थोरलीचा तर पांढुरकाच झालाय.

विष्ठा थोडी पातळ आहे, पण हिरवी नाही आणि रक्तही नाही. मान वाकडी नाही, घरघर नाही, पाय ओढत नाहीत. अंडी रोज चार-पाच मिळायची, आता एखादं. एक खुडूक कोंबडी दहा अंड्यांवर बसवली होती, ती सोळाव्या दिवशी अंडी सोडून उठली. याआधी तिने तीन वेळा पिल्लं काढली आहेत, असं कधी केलं नव्हतं.

आणखी एक. हल्ली तिन्हीसांजेला कोणीच खुराड्यात शिरायला तयार नसतं. पेरूच्या झाडावर चढून बसतात. रात्री मुंगसाची भीती, म्हणून एकेकीला धरून आत टाकावं लागतं. अंडी काढून आले की मनगटापर्यंत खाज सुटते. ती पेंढ्याची असावी.

चौघींना वेगळ्या डालग्याखाली ठेवलंय. गुळाचं पाणी देते, कणीत लसूण ठेचून घातला. जंताचं औषध जूनमध्ये दिलं होतं, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस जानेवारीत टोचली होती. आज शनिवार, दवाखान्यात सोमवारी जाईन. तोवर काय करू?

शेजारी म्हणतात, अंगात मांस आहे तोवर कापून मोकळी हो. मला ते करायचं नाही. थोरली पाच वर्षांची आहे, आजचा सगळा कळप तिच्या पिल्लांचा. शिवाय कशाने आजारी आहे ते माहीत नसताना ती कापून ताटात कशी वाढू?

प्रतिसाद

ताई, मानमोडीच वाटते. पावसाळ्यात येतेच. तिची लासोटा लस आणून आजच पाण्यातून पाजा.

प्रतिसाद

वरच्या दादांना एक विनंती, आजारी पक्ष्याला लस सुचवू नका. लस निरोगी पक्ष्याला, रोग यायच्या आधी द्यायची असते. आणि मानमोडी बारा दिवस अशी रेंगाळत नाही. लस नसलेल्या कळपात ती शिरली तर दोन-चार दिवसांत अर्धं खुराडं रिकामं होतं. हिरवी-पांढरी हगवण, धाप, पिळवटलेली मान, हे दिसतं. त्यावर औषध नाही, फक्त लस.

ताई, तुम्ही ओघात लिहिलेल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात: कोंबड्या खुराड्यात जायला नाखूष, खुडूक अंड्यांवरून उठली, आणि तुमच्या हाताला खाज. त्यात फिकट तुरे. मला हे रात्री रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांचं काम वाटतं. आमच्याकडे सगळ्यालाच पिसवा म्हणतात, पण उड्या मारणाऱ्या पिसवा वेगळ्या. हे किडे दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतात, फटीत दडून राहतात. म्हणून दिवसा पिसं उलगडून काही सापडत नाही आणि माणूस फसतो. खुडूक तर रात्रंदिवस एका जागी बसलेली, तिचं रक्त सगळ्यांत आधी जातं. रक्त कमी झालं की कोंबडी मलूल होते, मग दाणाही टाकते.

आज अंधार पडल्यावर दोन तासांनी बॅटरी घेऊन जा. बसायच्या दांडीची खालची बाजू, दांडी भिंतीला टेकते तो सांधा, अंडी घालायच्या पेटीचे कोपरे नीट बघा. पांढरं फडकं दांडीवरून फिरवा. लाल ठिपके उमटले तर शंका नको.

सापडले तर आज रात्रीच कोंबड्या खुराड्याबाहेर काढा. सगळा पेंढा आणि गोणपाट जाळा. दांड्या काढून उकळतं पाणी ओता, फटींत तर दोनदा. वाळलं की दाट चुना. अंड्यांतून नवे किडे निघतात, त्यामुळे सहा-सात दिवसांनी हेच सगळं परत करायचं. एकदा करून थांबलात तर मेहनत वाया, कारण हे किडे महिनोन्महिने उपाशी राहू शकतात. चुलीची चाळलेली राख घमेल्यात ठेवा, कोंबड्या त्यात लोळतील. शेतातलं फवारणीचं औषध कोंबडीवर मारू नका, कितीही घाई असली तरी. पक्षी मरतो आणि विष अंड्यात उतरतं.

खायला मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, थोडं थोडं. चोच उघडून पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळेल. सोमवारी ताजी विष्ठा डबीत घेऊन जा, जूनमधलं औषध आता पुरलेलं नसेल.

अचानक एकदम मर सुरू झाली तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. मेलेला पक्षी उघड्या हाताने न उचलता लगेच दवाखान्याला कळवा.

मूळ प्रश्नकर्ती

काल रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन गेले. दांडी उचलली आणि अंगावर काटा आला. चिऱ्याच्या भिंतीत जिथे ती रोवली होती, त्या भोकात रवा सांडावा तशी हलती रांग, काही करडे, काही लाल. बोटाने चिरडला तर रक्त आलं. माझ्या कोंबड्यांचं. मीच रोज त्यांना धरधरून त्यात कोंबत होते, हे मनातून जात नाही.

रात्रीच सगळ्या पडवीत डालग्यांखाली आणल्या. आज सकाळपासून मी आणि धाकटा दीर पाणी उकळतोय, पेंढा जाळला. चिऱ्याची भोकं मातीने लिंपू की सिमेंटने? मातीला पुन्हा भेगा जातील असं वाटतं.

प्रतिसाद

सिमेंटनेच बुजवा. आणि दांडी भिंतीत रोवूच नका. चार पायांचा घोडा करा, भिंतीपासून वीतभर लांब, म्हणजे दर आठवड्याला उचलून उन्हात टाकता येईल.

मूळ प्रश्नकर्ती

सोमवारी दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. विष्ठेत जंतही निघाले. दोन्हींची औषधं दिली आणि किती दिवस अंडी खायची नाहीत ते चिठ्ठीवर लिहून दिलं. चौघींतली खुडूक होती ती रविवारी पहाटे गेली. तिच्यात काही उरलंच नव्हतं. बाकी तिघी आहेत. थोरलीने आज मऊ भाताचे पाच-सहा घास खाल्ले आणि डालग्याच्या भोकातून मान काढून कोंबड्यावर ओरडली. पुढचा चुना रविवारी, दिनदर्शिकेवर खूण केली आहे.