देवराईतलं पाणी आधी कोणाचं?

रानवाट:
दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्ड्याची राई बाहेरून इतर देवरायांसारखीच दिसते. आत शिरलं की पाय चिखलात रुततात. बारमाही पाण्यात रानजायफळाच्या कुळातली झाडं, मुळं गुडघ्यांसारखी वर काढून उभी. हीच मिरिस्टिका दलदल. गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईतही अशीच. आजूबाजूचा डोंगर तापला, सुकला, तरी इथली सावली आणि ओल टिकून राहते, आणि तिच्या आधाराने ही झाडं.

माझं म्हणणं एवढंच, की हवामानबदलाच्या नावाने कुठेतरी खड्डे खणून रोपं लावण्याआधी अशा जागांचं पाणी राखा. या झाडांचं बी सुकलं की मरतं, ते साठवून ठेवता येत नाही. जागा गेली की बीही गेलं.

माडबन:
पटत नाही. बांबर्ड्याची जागा जेमतेम अडीच हेक्टरांची. धनेश पक्षी फळ खाऊन बी लांब नेतो खरा, पण भोवती रबर आणि अननसच असेल तर ते बी रुजणार कुठे? जोर सलग जंगलावर लावा. २०२० साली तिळारीचं जंगल संवर्धन राखीव क्षेत्र झालं, तसं.

रानवाट:
सलग जंगल हवंच. पण राई सुकली तर धनेश नेणार कुठलं बी?

ओहोळ:
दोघांनाही विचारतो, मार्चनंतर आमच्या गावात कधी आलात का? आमच्या राईखालच्या ओहोळावर चार घरांच्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, जगतात. ही राई आमच्या आज्या-पणज्यांनी राखली. देवाला कौल लावल्याशिवाय इथे फांदी तुटली नाही. सातबाऱ्यावर मात्र नाव सरकारचं! उद्या जैवविविधता वारसा स्थळाची पाटी लागली की आमचं शिंपणं बंद करणार ना?

रानवाट:
ही भीती खरी आहे. पण २००२च्या जैविक विविधता कायद्यात, कलम ३७ मध्ये, अशा घोषणेमुळे ज्यांचं नुकसान होईल त्यांच्यासाठी भरपाईची योजना आखायची तरतूद आहे. स्थानिक संस्थांशी सल्लामसलतही करावी लागते. ग्रामसभेत हे आधी मांडून घ्या.

ओहोळ:
भरपाईच्या पैशावर पोफळ जगत नाही. ठिबकला मदत द्या, एप्रिल-मेमध्ये पाट वळवणार नाही असं मी गावऱ्हाटीसमोर, म्हणजे गावाच्या परंपरागत मानकऱ्यांसमोर, बोलतो. पण राईच्या वरच्या अंगाला बोअर मारायचं चाललंय, ते आधी थांबवा.