झेड फ्लिप ७ घेतलाय; बदलून मिळायची मुदत आहे तोवर काय काय तपासून घेऊ?

शिरोली_क्यूसी

नमस्कार मंडळी. साध्या फोनवरून थेट घडीच्या फोनवर आलोय, सॅमसंग गॅलॅक्सी झेड फ्लिप ७. रूपाबद्दल बोलायलाच नको. मिटल्यावर जाडी १३.७ मिलिमीटर, वजन १८८ ग्रॅम, शर्टाच्या खिशात व्यवस्थित बसतो. आता रूप बाजूला ठेवून फोन म्हणून तो कसा आहे हे बघायचंय, आणि दुकानातून बदलून मिळायची मुदत थोडीच आहे.

मधली घडीची रेष दिसते, बोटालाही लागते. किती दिसली तर चालतं आणि कधी बदलून मागायचा? दुसरं, काम शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. वाळू, ग्राइंडिंगची धूळ, लोखंडाचा कीस दिवसभर हवेत असतो. खोक्यावर आयपी४८ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलंय, ते तिथं कितपत पुरेल? तिसरं, आधीच्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची होती, याची ४३०० ची. चार्जर जुनाच वापरतोय आणि चार्ज व्हायला फार वेळ लागतोय. चौथं, दोन सिम होती, इथं खाच एकच आहे. आणि बाहेरच्या पडद्यावर नेमकं काय काय होतं? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा.

राजारामपुरी_रिपेअर

भाऊ, रेषेपासून सुरू करू. घडीची रेष हा दोष नाही, ती प्रत्येक फ्लिपला असते. आतली काच अतिपातळ असते, तिच्यावर कंपनीने प्लास्टिकची फिल्म बसवलेली असते आणि हे सगळं बिजागरीत पाण्याच्या थेंबासारख्या आकारात वळतं. म्हणून तिथं खोलगट पट्टी राहणारच. सरळ समोरून पांढऱ्या पानावर रेष डोळ्यात भरत नसेल तर ती ठीक समजा. तिरक्या उजेडात दिसणारच.

बदलून मागायचं कारण वेगळं असतं. एक पूर्ण काळं चित्र उघडा, ब्राइटनेस पूर्ण करा, खोलीतला दिवा बंद करा. घडीच्या जागी हिरवी, गुलाबी किंवा पांढरी बारीक रेघ उजळलेली दिसली तर पॅनेल गेलंय. नंतर पूर्ण पांढरं चित्र लावा आणि घडीवर काळा ठिपका किंवा शाईसारखा डाग आहे का बघा. तिसरी तपासणी स्पर्शाची. होम स्क्रीनवरचा एखादा आयकॉन दाबून धरा आणि घडीवरून वर-खाली, डावीकडून उजवीकडे सावकाश ओढत न्या. मध्येच सुटला तर त्या पट्टीत टच मेलाय. तीच गोष्ट सॅमसंग मेंबर्स ॲपमधल्या डायग्नोस्टिक्समध्ये टचस्क्रीनच्या चाचणीत करता येते, आणि सर्व्हिस सेंटरवाल्याला तो निकाल दाखवायला बरा पडतो.

आता बिजागरी. कानाजवळ धरून पाच-सहा वेळा सावकाश उघडा-मिटा. मऊ, एकसारखा आवाज चालतो. करकर आली किंवा एकाच कोनात अडखळला तर बिजागरीत कण गेलाय किंवा ती नीट बसलेली नाही. अर्धा उघडून टेबलावर ठेवा. काटकोनाच्या आसपास तो आपोआप न पडता उभा राहिला पाहिजे. पूर्ण उघडल्यावर सपाट काचेवर पालथा ठेवू नका, डोळ्याच्या रेषेत आडवा धरून बघा. दोन्ही अर्धे एका पातळीत हवेत. मिटल्यावर उजेडाकडे धरून बघा. फ्लिप ५ पासून बिजागरीच्या बाजूची फट गेली आहे, त्यामुळे फ्लिप ७ मध्ये एका बाजूने जास्त उघडं दिसत असेल तर तो परत करा.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो. आतल्या पडद्यावरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून कधीही काढू नका. ती पॅनेलचाच भाग धरली जाते. वर्ष-दीड वर्षात घडीच्या दोन्ही टोकांना तिच्याखाली हवा जाऊन पांढुरकी पट्टी दिसू लागते, हे नेहमीचं आहे. तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटरला फिल्म बदलून घ्यायची. नखाने उचकटायची नाही आणि वरून टेम्पर्ड ग्लास तर अजिबात लावायची नाही. जाड काच मध्ये आली की मिटताना सगळा दाब पॅनेलवर येतो. आतला पडदा बहुतेक वेळा फ्रेमसकटच बदलावा लागतो, त्यामुळे खर्च मोठा असतो. अपघाती नुकसानीचं संरक्षण घ्यायचं असेल तर ते खरेदीनंतरच्या ठराविक मुदतीतच मिळतं, ती तारीख आजच बघून ठेवा.

लेथवाला_उद्यमनगर

आयपी४८ मधला पहिला आकडा घन कणांचा, दुसरा पाण्याचा. ८ म्हणजे गोड्या पाण्यात दीड मीटर खोल, ३० मिनिटं. कोल्हापूरच्या पावसाला हे भरपूर आहे. पण ४ म्हणजे फक्त १ मिलिमीटरपेक्षा मोठा कण आत जाणार नाही. मोल्डिंगच्या वाळूचा कण अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला असतो आणि ग्राइंडिंगची धूळ तर पिठासारखी. म्हणजे तुमच्या खात्यातली जवळजवळ सगळीच घाण बिजागरीच्या दृष्टीने आत येऊ शकणारी आहे. साध्या फोनला जे आयपी६८ असतं त्यातला ६ हा धूळबंद असतो. इथं तसं नाही. बिजागरीत बारीक ब्रशसारखे तंतू असतात, ते बरीच धूळ अडवतात, सगळी नाही.

२ लाख घड्यांचा जो दाखला फ्लिपच्या जुन्या मॉडेलांपासून दिला जातो, त्यावर विसंबू नका. दिवसाला १०० वेळा उघडझाप धरली तर हिशेब साडेपाच वर्षांच्या आसपास जातो, आणि यंत्रावर ते खरंही असेल. पण ती यंत्रं स्वच्छ खोलीत चालतात. वाळू क्वार्ट्झची, काचेपेक्षा कठीण. एक कण घडीच्या टोकाला बसला आणि फोन मिटला, की आतून टोच येते.

लोखंडाचा त्रास त्याहून जास्त. फोन मिटलेला राहावा म्हणून कडेला चुंबक असतात. कास्टिंग फोडायच्या किंवा ग्राइंडिंगच्या जागी फोन दहा मिनिटं उघडा राहिला तरी कडेच्या चौकटीवर मिशीसारखा काळा कीस उभा राहतो. तो नुसत्या कापडाने घासला तर फिल्मवरून ओढला जातो आणि चरे पडतात. पद्धत अशी: फोन उघडा धरा, पालथा करून हलकेच झटका. मास्किंग टेपचा छोटा तुकडा बोटाला गुंडाळून चिकट बाजूने फक्त चौकटीवर टिपत जा, फिल्मच्या कडेला लावू नका. सगळं निघाल्यावर मायक्रोफायबरने पुसा. एअर गन कधीच मारू नका. आपल्याकडे कॉम्प्रेसरची हवा हाताशी असते म्हणून मोह होतो, पण ती कण बाहेर काढण्याऐवजी बिजागरीत खोल बसवते.

शॉप फ्लोअरवर फोन लागतोच असं असेल तर झिप असलेल्या पारदर्शक पिशवीत मिटलेला ठेवा. बाहेरचा पडदा पिशवीतूनही दिसतो. उघडायचा तो ऑफिसात, हात पुसून.

डायल गेजचा मॅग्नेटिक बेस (मापाचं यंत्र चिकटवायचा चुंबकी पाया), मॅग्नेटिक चक (जॉब पकडून ठेवणारं चुंबकी टेबल) यांच्याजवळ फोन ठेवू नका. फोन मिटला की उघडला हे चुंबकाच्या सेन्सरने कळतं, बाहेरचं चुंबक जवळ आलं की पडदा उगाच बंद होतो, नकाशातला बाणही भलतीकडे वळतो. आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी हा फोन शर्टाच्या खिशात ठेवायचा नाही. किमान १५ सेंटिमीटर अंतर सांगितलेलं आहे, आणि छातीचा खिसा म्हणजे नेमकी तीच जागा.

बिंदू_चौक

सिम आणि बँकेचं लिहितो, कारण इथं घाई केली की दोन दिवस पैसे अडकतात.

फोनमध्ये एक नॅनो सिम आणि सोबत ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवलेलं सिम) चालतं. बँकेला जोडलेला नंबर प्रत्यक्ष सिमवरच ठेवा, दुसरा नंबर ई-सिम करा. कारण सिम बदललं की त्या नंबरवर २४ तास एसएमएस बंद राहतात, हा फसवणूक रोखायचा नियम आहे. बँकेचा नंबर ई-सिम केलात तर ओटीपी त्या काळात येणारच नाही, आणि यूपीआयची नोंदणी एसएमएसवरच चालते. ई-सिमसाठी लागणारे आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) *#०६# डायल केल्यावर दिसतात. ई-सिम चालू होऊन त्यावरून एक कॉल लागेपर्यंत जुनं सिम फेकू नका.

क्रम असा ठेवा. आधी जुन्या फोनवरून स्मार्ट स्विच या सॅमसंगच्या ॲपने सगळं घ्या, केबल लावून, वाय-फायपेक्षा लवकर होतं. मग व्हॉट्सॲप: जुन्या फोनमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स आणि नव्या फोनवरचा क्यूआर स्कॅन. दोन्हीकडे वाय-फाय आणि लोकेशन चालू हवं. मग बँकेची ॲप्स. नोंदणीचा एसएमएस तुमच्याच सिमवरून जातो, म्हणून रिचार्ज चालू असू दे आणि एसएमएस कोणत्या सिमवरून जातोय ते बघून दाबा, दोन सिम असली की इथंच चुकतं. नव्या फोनवर पहिले २४ तास यूपीआयची मर्यादा साधारण ५,००० रुपये असते. मोठं बिल द्यायचं असेल तर ते आधी जुन्या फोनवरून उरका. जुना फोन निदान आठवडाभर रीसेट करू नका.

चार्जरबद्दल: हा फोन २५ वॉटवर चार्ज होतो, पण त्यासाठी चार्जर यूएसबी पीडी पीपीएस प्रकारचा, म्हणजे फोनला हवा तसा व्होल्टेज बारीक बारीक बदलून देणारा, लागतो. इतर कंपन्यांचे ६५-८० वॉटचे चार्जर आकड्याने मोठे असले तरी त्यांची भाषा वेगळी असते, त्यावर हा फोन सावकाशच भरतो. लॉक स्क्रीनवर ‘सुपर फास्ट चार्जिंग’ असं आलं की जोडी जमली. बॅटरीचा निवाडा पहिल्या दोन दिवसांत करू नका, तेव्हा फोटोंची छाननी, ॲप्सची मांडणी मागे चालू असते. चार-पाच दिवसांनी सकाळी १०० टक्क्यांवर काढून संध्याकाळी बॅटरी वापराचं पान बघा. ४३०० मध्ये दिवस निघणं ही रास्त अपेक्षा आहे. ५००० वाल्यासारखी दुसऱ्या दिवसाची दुपार गाठेल असं धरू नका.

शिरोली_क्यूसी

सगळ्यांचे मनापासून आभार. काळ्या चित्राची तपासणी केली, रेघ नाही. आयकॉन ओढताना कुठं सुटला नाही. बिजागरी मऊ आहे. कव्हर कोणतं घेऊ, आणि दुचाकीच्या हँडलवरच्या होल्डरला लावला तर चालेल का?

राजारामपुरी_रिपेअर

मग पॅनेल चांगलं आहे, निर्धास्त राहा.

होल्डरला नाही म्हणजे नाही. तो चिमटा दोन्ही बाजूंनी आवळतो, उघड्या फ्लिपमध्ये तो दाब बिजागरीच्या आसपासच येतो. वर खड्ड्यांची थरथर कॅमेऱ्याच्या ओआयएसला (फोटो हलू नये म्हणून लेन्स सावरणाऱ्या यंत्रणेला) घातक. नकाशा हवा असेल तर फोन खिशात आणि आवाज हेडसेटमधून.

कव्हर दोन तुकड्यांचं असतं. वरचा तुकडा बहुतेकदा चिकटपट्टीवर असतो आणि उन्हात गाडीच्या डिकीत राहिला की सुटतो. खालच्या तुकड्याला अंगठी किंवा पट्टा असलेलं घ्या, कारण खरी पडझड एका हाताने उघडताना होते. बिजागरीवर झडप असलेलं कव्हर दिसायला संरक्षक वाटतं, पण झडपेच्या आत धूळ साठते. तुमच्या कामाच्या जागी मी ते सुचवणार नाही.

लेथवाला_उद्यमनगर

इथं माझं मत वेगळं आहे. झडप नसेल तर फोन पडल्यावर थेट बिजागरीच्या कडेवर आपटतो. झडपेचं घ्या, पण आठवड्यातून एकदा कव्हर पूर्ण काढून पुसा. पुसणं जमणार नसेल तर मात्र त्यांचं ऐका.

पंचगंगाकाठ

बाहेरच्या पडद्याचं राहिलं. ४.१ इंच आहे, पण मुळात त्यावर विजेट आणि निवडक ॲप्सच चालतात. बाकीच्यांसाठी सॅमसंगचं गुड लॉक ॲप घ्या, त्यात मल्टिस्टार मॉड्यूल (त्यातलाच एक जोडभाग) घाला, त्यातल्या फोल्डेबलच्या विभागात लाँचर विजेट चालू करा आणि हवी ती ॲप्स निवडा. मग बाहेरच्या पडद्यावर सरकवत गेलं की आयकॉन दिसतात. सगळी भरू नका. व्हॉट्सॲप, नकाशा, कॅलेंडर, टॉर्च, गाणी एवढी पुरतात. बँकेची ॲप्स तिथं आडवी-तिडवी मांडली जातात, ठेवू नका. कीबोर्डमध्ये मराठी भाषा आधीच जोडून ठेवा, मग ‘निघालोय’, ‘पोचलो’ असली उत्तरं न उघडता जातात.

दुकानात क्यूआर स्कॅन करायला मात्र फोन उघडावाच लागतो. मुख्य कॅमेरे आणि बाहेरचा पडदा एकाच बाजूला आहेत, म्हणजे कॅमेरा क्यूआरकडे वळवला की पडदाही तिकडेच वळतो आणि तुम्हाला काही दिसत नाही. भाजी मंडईत एका हातात पिशवी असताना हे जाणवतं. त्याच रचनेचा फायदा सेल्फीत आहे. मिटलेल्या फोनवर बाजूचं बटण दोनदा दाबा, ५० मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो निघतो. आतला सेल्फी कॅमेरा १० मेगापिक्सेलचा आहे, तो व्हिडिओ कॉलपुरता ठेवा. झूमची वेगळी लेन्स नाही, त्यामुळे दूरचे फोटो मध्यमच येतील.

मिटलेला असताना कॉल उचलला तर तो स्पीकरवर जातो. केएमटीत (कोल्हापूरच्या शहर बसमध्ये) बसलेले असताना आधी उघडा, मग बोला.

मालवण, गणपतीपुळ्याला गेलात तर वाळूत फोन उघडू नका, आणि खाऱ्या पाण्याला आयपी४८ लागू नाही. पावसात भिजला तर उघडून कापडाने टिपा, चार्जिंगचं तोंड खाली धरून दोन-चार हलके झटके द्या, आणि ओलाव्याची सूचना जाईपर्यंत केबल लावू नका. तांदळात पुरू नका, त्यातली पूड बिजागरीत जाते.