विषय: माता-मृत्यू आढाव्याचा कायदा, गोव्याच्या आमदारांना पत्र

प्रेषक: कार्यकारिणी, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,
पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. मागणी एकच. इथे अमेरिकेतल्या राज्यांत गरोदरपणी, बाळंतपणात किंवा नंतर वर्षभरात बाई दगावली, तर कायद्याने नेमलेली समिती तिचे सगळे कागद तपासते आणि मृत्यू टाळता आला असता का ते ठरवते. टेक्ससने हा कायदा २०१३ साली केला, आपल्या न्यू जर्सीने २०१९ मध्ये. डिसेंबर २०१८ च्या केंद्रीय कायद्याने अशा समित्यांना पैसाही मिळू लागला. गोव्यातही असा कायदा व्हावा. हरकती रविवारपर्यंत कळवा. डॉक्टरकाकी, फोंड्याहून वाचताय ना?

---

प्रेषक: डॉक्टरकाकी, फोंडा

वाचतेय. मसुद्यातला पहिला परिच्छेद आधी काढून टाका. त्यातलं 'भारतात अशी व्यवस्थाच नाही' हे खरं नाही, आणि आमदाराच्या पीएने तेवढं पकडलं की पुढचं कोणी वाचणार नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१० पासून आहेत, २०१७ मध्ये त्या सुधारल्याही. घरी जाऊन विचारपूस होते, इस्पितळ आपला अहवाल देतं, जिल्हाधिकारी बैठक घेतात, नातेवाइकांनाही बोलावतात. केरळात तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच २००४ पासून नाव-गाव झाकून केसपेपर तपासायला घेतले. तेही कायद्याविना.

मग कायदा कशाला हवा? तोंडं उघडावीत म्हणून. मी अशा बैठकांना बसले आहे. फाइल उघडली की जो तो आधी आपली बाजू सावरतो. समोर नातेवाईक, शेजारी साहेब, उद्या कोर्ट. बीपी किती होतं ते कागदावर असतं. पण रात्री मोठ्या डॉक्टरांना फोन करायला ज्युनियर का कचरला, रक्ताची पिशवी कुठे अडकली, हे कुठल्याच कागदावर नसतं. ते कोणीतरी सांगावं लागतं. तुमच्याकडच्या कायद्यांनी हेच साधलंय: समितीला कुठल्याही इस्पितळाचे कागद मागवता येतात, पण समितीतलं बोलणं कोर्टाला मागता येत नाही. ब्रिटनमध्ये १९५२ पासून अशी गोपनीय चौकशी चालते. पत्रात हे हवं. समिती नेमा एवढंच म्हटलं, तर समित्या काय, आमच्याकडे भरपूर आहेत!

आणि गोव्याची आपली एक अडचण आहेच. 'सत्तरी तालुक्यातली बाई, वय पंचवीस, तिसरी खेप, १०८ रुग्णवाहिकेतून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात)' एवढं म्हटलं की तिथल्या वाळपईच्या बाजारात नाव निघतं. नाव झाकून काय उपयोग? राज्य इतकं लहान की माता-मृत्यूचा दर सांगणाऱ्या राष्ट्रीय नमुना नोंदणीत गोव्याचा वेगळा आकडाच छापत नाहीत. एखाद-दोन मृत्यूंनी दर वर-खाली होतो, त्यामुळे दरापेक्षा एकेका बाईची हकीकत महत्त्वाची. त्यात सिंधुदुर्ग आणि कारवारहून बायका गोमेकॉत येतात. तपासणीचं कार्ड दोडामार्गला, शेवटची फाइल बांबोळीला. शेजारच्या राज्याकडून कागद मागवायची सोय लिहिलीत, तर मसुदा खरोखर गोव्याचा होईल. अहवालही तीन-चार वर्षांचा एकत्र काढा, म्हणजे कोणाकडे बोट जाणार नाही.

---

प्रेषक: अटलांटा

काकी, पटलं, पण एका गोष्टीवर अडतेय. आमच्या जॉर्जियात गोपनीयता कायद्यातच आहे. दोन बायकांच्या मृत्यूंबद्दल समितीने काय ठरवलं ते बातम्यांत आलं, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याने अख्खी समितीच बरखास्त केली. त्याच सुमारास टेक्ससच्या समितीने २०२२ आणि २०२३ चे मृत्यू तपासणार नाही असं जाहीर केलं. तिथल्या गर्भपातबंदीनंतरची नेमकी तीच वर्षं! मग ही गोपनीयता कोणाला सांभाळते, डॉक्टरला की सरकारला? आणि नवऱ्याने, आईने विचारायचं कोणाला?

---

प्रेषक: डॉक्टरकाकी, फोंडा

बरं विचारलंस गं. म्हणून दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या. केसपेपर घरच्यांचा, मागितल्यावर ७२ तासांत द्यायचा, असा डॉक्टरांसाठीचा नियम २००२ पासून आहे. तो माहीत असलेले नातेवाईक मला क्वचितच भेटले. समितीतलं बोलणं तेवढं बंद. आणि अहवालाची तारीख कायद्यातच घाला, वर्ष गाळायची मुभा कोणालाच नको. सदस्यांची मुदतही ठरलेली हवी, नाहीतर सरकार नाराज झालं की घरी पाठवणी.

अजून एक. आमच्या केंद्राच्या सूचना बाळंतपणानंतर ४२ दिवसांवर थांबतात. तुमच्या ३६ राज्यांनी २०१७ ते २०१९ चे मृत्यू तपासले, तेव्हा निम्म्याहून जास्त मृत्यू पहिल्या आठवड्यानंतर वर्षभरात झालेले निघाले, आणि कारणांत मानसिक आजार सगळ्यांत वर. इकडे सव्वा महिना झाला की बाईकडचं लक्ष बाळाकडे जातं. त्यानंतरचा हृदयाचा त्रास, खचलेलं मन, आत्महत्या हे बाळंतपणाच्या खात्यात धरतच नाहीत. वर्षाची अट सोडू नका, बाकी कशावरही तडजोड करा.

---

प्रेषक: कार्यकारिणी, न्यू जर्सी

काकी, तुमच्या दोन्ही मेलमधले मुद्दे घालून नवा मसुदा शुक्रवारी पाठवतो. पत्र मराठीत की कोंकणीत, या विषयावर आत्तापर्यंत आलेल्या मेल वेगळ्या धाग्यात हलवल्या आहेत. कृपया तिकडेच भांडा.