'चिवट' जंतू म्हणावं का?

नाशिकरोड : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हस्तलिखितासाठी लेख लिहितेय. विषय : बरा झाला म्हणता म्हणता पुन्हा उलटणारा जंतुसंसर्ग आणि त्यावर उजेड पडला की काम करणारे नॅनोकण. 'पर्सिस्टर', म्हणजे औषधाच्या माऱ्यातूनही वाचणारे थोडे जिवाणू, त्यांना मराठीत काय म्हणावं इथे अडले. 'चिवट' लिहिलं, 'हट्टी' लिहिलं, दोन्ही खोडलं. आईच्या पायाची जखम वर्षभर अशीच उलटत होती आणि दर वेळी 'औषध लागू पडत नाही' एवढंच कानावर यायचं. म्हणून हा शब्द नेमका मिळावा असं फार वाटतं.

कॉलेज रोड : ताई, 'चिवट' नको. त्यातून औषधाला दाद न देणारे, असा अर्थ निघतो. ते 'प्रतिरोधक'. त्यांच्या जनुकांत बदल झालेला असतो आणि तो पुढच्या पिढीत उतरतो. पर्सिस्टर निराळे. १९४४ मध्ये जिवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी स्टॅफिलोकोकस या जखमा चिघळवणाऱ्या जिवाणूवर पेनिसिलीन वापरलं, तेव्हा दहा लाखांत एखादा जिवाणू वाचत होता. वाचलेल्यांची पिलावळ वाढवून पुन्हा पेनिसिलीन दिलं, तर ती मेली. 'पर्सिस्टर' हा शब्दही त्यांनीच दिला. जिवाणू पेशीची भिंत बांधत असतो तेव्हा पेनिसिलीन घात करतं. पर्सिस्टर निजल्यासारखे असतात, बांधकामच थांबलं असेल तर ते करणार काय? मी विद्यार्थ्यांना हे शिकवतो तेव्हा 'निपचित पडलेले' म्हणतो, पण लेखात ते मेल्यासारखं वाटेल.

निफाड : हा तर आमच्या बागेतला लव्हाळा झाला. तणनाशक मारलं की वरची पात जळते, जमिनीतल्या निजलेल्या गाठी तशाच राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. 'दडी मारलेले' कसं वाटतं?

कॉलेज रोड : उदाहरण चपखल आहे, लेखात घ्याच. पण दडी मारणारा जाणूनबुजून लपतो. इथे तसं काही नाही.

नाशिकरोड : मग 'तग धरणारे'? आणि 'प्रकाश-सक्रियित' कण हे मला वाचताना अडखळवतं.

कॉलेज रोड : तग धरणारे, उत्तम. दुसऱ्यासाठी 'उजेडाने चेतणारे' घ्या. सोन्याचे काही नॅनोकण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश शोषून तापतात आणि शेजारचा जिवाणू भाजतो. दुसऱ्या प्रकारात कणावरचं रंगद्रव्य उजेड घेऊन ऑक्सिजनला आक्रमक रूप देतं, तो जिवाणूचं आवरण आणि प्रथिनं जाळतो. चेतणं दोन्हींना लागू पडतं. मुख्य म्हणजे जिवाणू वाढत असो वा निजलेला, मार बसतोच. मात्र एक वाक्य विसरू नका : असा उजेड मांसात फार खोल जात नाही, सेंटीमीटरभर गेला तरी खूप. त्यामुळे उघड्या जखमांबाबत आशा जास्त, आणि बरंचसं काम अजून प्रयोगशाळेतच आहे. आईसारख्या कुणी वाचलं तर उद्याच मिळेल असं वाटायला नको.

निफाड : 'नॅनो'चं मराठी करू नका. नॅनो युरियाची बाटली आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलीय. 'अतिसूक्ष्म' म्हटलं तर परागकणही त्यात येतील.

नाशिकरोड : पटलं. वाक्य असं केलंय : 'औषधातून तग धरून राहिलेल्या जिवाणूंना उजेडाने चेतणारे नॅनोकण मारू शकतात.' 'तग धरून राहिलेल्या' लांबतं का?

निफाड : 'तगलेल्या' करा. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढलेल्या वेलीला आम्ही तगलेली वेलच म्हणतो.