ब्रीडर कोंबड्यांना खाद्य सकाळी की दुपारी?

सिन्नरकर: नमस्कार मंडळी, ब्रॉयलर ब्रीडरचा (मांसाच्या कोंबड्यांची पिल्लं मिळवायला पाळलेले नर-माद्या) शेड आहे, सगळं खाद्य सकाळी ६ लाच देतो, अंडी बरी येतात पण पक्ष्यांचं वय वाढलं तसं कवच पातळ व्हायला लागलंय, ट्रेमध्ये तडकलेली निघतात. वेळ बदलू का?

निफाडचा पोल्ट्रीवाला: दादा, कवच बनायला साधारण २० तास लागतात आणि बरंचसं काम रात्री चालतं, तोवर सकाळचं खाद्य पचून गेलेलं असतं मग कोंबडी हाडातलं कॅल्शियम ओढते. शिंपल्याचा जाडा चुरा दुपारी ३-४ ला टाका. पावडर नको, खडा पोटात हळूहळू विरघळतो.

दिंडोरीची ताई: खाद्य दोनदा करणार असाल तर एकूण ग्रॅम तेवढेच ठेवा हां, ब्रीडर जाड झाली की अंडी घटतात. आणि फीडरला (खाद्याच्या भांड्याला) जागा कमी असेल तर विभागूच नका, दबक्या कोंबड्या उपाशी राहतात बिचाऱ्या. बहुतेक अंडी सकाळी पडतात, त्या वेळात फीडर चालवला की घरटं सोडून पळतात नि अंडी लिटरवर, म्हणजे जमिनीवरच्या भुशावर पडतात. एप्रिल-मेत भर दुपारच्या उन्हात खाद्य तर नकोच.

सिन्नरकर: ताई, चुरा नर पण खातील ना?

दिंडोरीची ताई: मादीच्या फीडरमध्येच टाका, त्यावर ग्रिल (अरुंद जाळी) असेल तर नराचं डोकं आत जात नाही.